बायपासचा स्वस्त फ्लॅट आणि रोजचा रस्ता: इंदूरमधल्या एका घरखरेदीचं प्रकरण

हे प्रकरण इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. माझ्याकडे गृहकर्जाच्या फायली येतात, त्यातलीच ही एक. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आकडे मात्र फाइलमधले आहेत.

वडिलोपार्जित घर तीन मजली, गल्ली अरुंद. थोरला भाऊ खालच्या दोन मजल्यांवर, धाकटा वरच्या दोन खोल्यांत. थोरल्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि जागेचा प्रश्न सगळ्यांसमोर आला. भांडण झालं नाही. थोरल्याने घर ठेवायचं आणि धाकट्याला त्याच्या हिश्श्याचे 15 लाख द्यायचे, असं घरातच बसून ठरलं. आई धाकट्याकडे राहणार, कारण नात तिच्याच हातावर वाढलेली. धाकटा पीथमपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, हातात पगार 46 हजार. त्याची बायको अन्नपूर्णा भागातल्या एका खासगी शाळेत शिकवते, तिला 19 हजार. मुलगी अकरावीत, संध्याकाळी भंवरकुआँला कोचिंग.

म्हणजे महिन्याला 65 हजार, हातात 15 लाख, बाकी कर्ज काही नाही. बँकेच्या दृष्टीने उत्तम गिऱ्हाईक. तरीही या कुटुंबाला आपल्या शहरात घर घेताना जे सोसावं लागलं, ते मला सविस्तर मांडावंसं वाटतं, कारण अशी घरं इंदुरात हजारोंनी आहेत.

पहिला पर्याय: बिचोलीकडचा नवा फ्लॅट

पूर्वेकडे बायपासला लागून बिचोली मर्दाना, कनाडिया, निपानिया या पट्ट्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत इमारतींची रांग उभी राहिली. यांना तिथलाच एक बांधकाम चालू असलेला फ्लॅट आवडला होता. जाहिरातीत 1,050 चौरस फूट, रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) कागदावर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, 660. किंमत 40 लाख. लिफ्ट, मुलांना खेळायला जागा, बाल्कनी. धाकट्याला बाल्कनीचं फार होतं. जन्मापासून ज्याने खिडकीतून समोरच्याची भिंत पाहिली, त्याला ते वाटणारच.

चाळीस लाखांचं घर चाळीस लाखांत येत नाही, हे आधी कागदावर मांडलं. तीस लाखांच्या वर गेलेल्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 80 टक्के कर्ज मिळतं. म्हणजे 32 लाख. वरचे 8 लाख स्वतःचे. पार्किंग, क्लब आणि मीटरचे मिळून अडीच लाख. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असल्यामुळे जीएसटी फक्त 1 टक्का, साधारण 42 हजार. मग रजिस्ट्री. मध्य प्रदेशात शहरी हद्दीत मुद्रांक, उपकर आणि पंजीयन (नोंदणी) मिळून साधारण साडेबारा टक्के जातात. बाईच्या नावावर घेतलं तर पंजीयन शुल्कात दोन टक्क्यांची सवलत. ती धरूनही 4 लाख 20 हजार. हा रजिस्ट्रीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तो रोखच उभा करावा लागतो. बेरीज 15 लाख 12 हजार. वाटणीचे सगळे पैसे ताबा मिळायच्या आधीच संपले.

शिवाय ताबा दोन वर्षांनी, आणि तोही विक्रेत्याच्या तोंडी. रेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णतेची तारीख त्याहून पुढची होती. बुकिंगला 15 टक्के मागितले होते. रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. हे विचारल्यावर समोरून "सगळेच देतात" एवढंच उत्तर आलं. थोरल्याकडे लग्न होतं, त्यामुळे मधली दोन वर्षं भाड्याने काढावी लागणार. महिना 12 हजार धरले तर आणखी 2 लाख 88 हजार.

इथपर्यंतचा हिशोब कोणताही चांगला एजंट करून देतो. पुढचा कोणी करत नाही.

पीथमपूर कुठे, बिचोली कुठे

इंदूरचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पीथमपूर नैर्ऋत्येला, राऊच्या पुढे. बिचोली पूर्वेला. कारखान्याची बस राजेंद्र नगर, राऊ करत जाते, पूर्वेकडे येत नाही. म्हणजे धाकट्याने रोज पहाटे मोटरसायकलवर बायपासने सतरा-अठरा किलोमीटर राऊच्या गोल चौराह्यापर्यंत जायचं, तिथे गाडी लावायची आणि बस पकडायची. बायपास म्हणजे मुंबई-आग्रा मार्गाची सगळी ट्रक वाहतूक. जून 2025 मध्ये इंदूर-देवास रस्त्यावर अर्जुन बडोदा गावाजवळ दीड दिवसाच्या आसपास जाम लागला, त्यात माणसं दगावली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तो टोकाचा प्रसंग होता. पण बिचोली आणि कनाडियाला बायपासखालून जाणाऱ्या बोगद्यांपाशी रोज संध्याकाळी जे होतं, ते तिथे राहणाऱ्या कुणालाही विचारा. पलीकडे शेकडो फ्लॅट, अलीकडे शहर, आणि मधे एका बोगद्यातून बस, ट्रॅक्टर, शाळेच्या व्हॅन, दुचाकी सगळं जायचं. पावसात पाणी साचलं की तेही बंद.

बायकोची शाळा बारा किलोमीटरवर. तिला स्वतंत्र स्कूटर लागणार. मुलीचं कोचिंग सुटतं रात्री आठला, तिथून बायपासपलीकडे भरवशाची बस नाही, म्हणजे व्हॅन किंवा रोज कुणीतरी घ्यायला जाणं.

मी त्यांना वही दिली आणि म्हटलं, प्रवासाचं सगळं लिहा. त्यांनी लिहिलेलं असं: धाकट्याचं पेट्रोल 2,100, बायकोचं 1,400, स्कूटरचा हप्ता 3,000, दोन्ही गाड्यांची सर्व्हिस, टायर, विमा धरून 1,200, मुलीची व्हॅन 2,500. एकूण 10,200 रुपये महिना. रामबागेत तेव्हा हाच खर्च 2,600 होता.

फरक 7,600 रुपये. आता या फाइलमधली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता लाखाला 868 रुपये पडतो. म्हणजे 7,600 रुपये हा पावणेनऊ लाखांच्या कर्जाचा हप्ता झाला. बिचोलीचं चाळीस लाखांचं घर या कुटुंबाला प्रत्यक्षात एकोणपन्नास लाखांना पडत होतं. वरचे नऊ लाख बिल्डरच्या कोटेशनमध्ये नव्हते, बँकेच्या कागदात नव्हते, ते पेट्रोल पंपावर भरायचे होते. स्कूटरचा हप्ता वीस वर्षं चालत नाही हे खरं, पण वीस वर्षांत स्कूटरही एकच लागत नाही, आणि पेट्रोल आहे त्या भावात राहील असं कोणी मानणार नाही.

बँक काय पाहते? पगारातून चालू हप्ते वजा करते आणि उरलेल्यात नवा हप्ता बसतो का, ते बघते. 32 लाखांचा हप्ता 27,770, पगार 65 हजार, बसतो. मंजूर. त्याच पगारातून दहा हजार रस्त्यावर जाणार आहेत हे विचारणारा रकाना त्या अर्जात नाही. कर्ज थकतं तेव्हा मात्र कारण बहुतेकदा तिथेच सापडतं. मला हा रकाना अर्जात हवा आहे, आणि मी हे अतिशय गंभीरपणे म्हणतो. नोकरीचं ठिकाण आणि घराचं ठिकाण हे दोन्ही पत्ते बँकेकडे असतातच, अंतर काढायला किती वेळ लागतो?

वेळेचा हिशोब रुपयांत केला नाही. धाकट्याची बायको एवढंच म्हणाली, "काका, पैशाचं आम्ही ओढूनताणून जमवू. पण सकाळी सहाला घराबाहेर आणि रात्री नऊला घरात, मग ते घर पाहायचं कुणी?"

शहर असं का वाढलं

इंदूर नगरनिगमाची हद्द 2014 मध्ये वाढली, 29 गावं आत आली आणि वॉर्ड 69 वरून 85 झाले. 2021 पर्यंतचा मास्टर प्लान, म्हणजे शहराचा विकास आराखडा, 1 जानेवारी 2008 पासून लागू होता, त्याची मुदत संपली आणि पुढचा आराखडा लांबत गेला. मधल्या काळात जमीन थांबली नाही. शेत डायवर्ट (बिगरशेती) झालं, टीएनसीपीचा, म्हणजे नगर नियोजन खात्याचा, नकाशा मंजूर झाला, कॉलनी वसली, बायपासच्या सर्व्हिस रोडवर तिचं एक गेट उघडलं. शेजारच्या शेताचंही तेच. दोन कॉलन्यांना आतून जोडणारा रस्ता नाही, म्हणून शेजारी दूध आणायला जायचं तरी सर्व्हिस रोडवर यावं लागतं. जाम वाहनांच्या संख्येने होतो तसाच तो या गेटांनीही होतो. याची चर्चा फार कमी होते. उड्डाणपुलाची होते.

आणि बस. एबी (आग्रा-मुंबई) रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा असा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, 2013 मध्ये सुरू झाला. त्याच्यात दोष होते, क्रॉसिंगला लोक अडकत होते, दुचाकीवाल्यांची कुरकुर होती. पण विजय नगरहून भंवरकुआँला ठरलेल्या वेळेत पोचायची ती एक खात्री होती, विशेषतः विद्यार्थ्यांची. फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो काढायला सुरुवात झाली. काढला म्हणून माझी तक्रार एवढीच आहे की त्याच दिवशी त्याच्या जागी तेवढी बस कोणी मागितली नाही. मेट्रो 31 मे 2025 ला सुरू झाली, गांधी नगरपासून सुपर कॉरिडॉरवर, सुमारे सहा किलोमीटर आणि पाच स्टेशनं. त्या पट्ट्यात वस्ती विरळ आहे. पीथमपूरच्या पाळीला जाणाऱ्या माणसाला किंवा रामबागेतल्या बाईला तिचा आज काही उपयोग नाही. एवढी स्वच्छतेची शिस्त ज्या शहराने अंगी बाणवली, 2017 पासून लागोपाठ पहिला नंबर ठेवला, ते शहर बसच्या बाबतीत ठरवलं तर काय करणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

मेहुण्याचा सल्ला

मधेच मेहुण्याने राऊच्या पुढे अकरा लाखांचा प्लॉट आणला. रजिस्ट्री नंतर, सध्या डायरीवर. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कॉलनीची मंजुरी यायच्या आधीच कॉलोनायझर पैसे घेऊन डायरीत नाव, प्लॉट नंबर आणि रक्कम लिहून देतो, आणि ती डायरी हातोहात विकली जाते. कायद्याने याला काही किंमत नाही. रेरा नंबर नाही, टीएनसीपी नाही, बँक पैसाही देणार नाही. यावर जास्त बोललो नाही, फाइल बाजूला ठेवली.

दुसरा पर्याय आणि जुन्या इमारतीची अडचण

राजेंद्र नगर भागात मराठी वस्ती जुनी. कारखान्याची बस तिथून जाते, बायकोची शाळा चार किलोमीटर, भंवरकुआँही जवळ. आईचं म्हणणं ठाम होतं. "अरे, गणपतीत आरतीला चार बायका तरी ओळखीच्या हव्यात. त्या उंच इमारतीत मी कुणाचं दार वाजवू?"

पण तिथे नवं घर यांच्या आवाक्यात नव्हतं, आणि जुन्याला बँक हात आखडता घेते. पहिला फ्लॅट पाहिला तो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मागणी 44 लाख. बँकेच्या व्हॅल्युअरने 38 लावले. कर्ज त्या 38 च्या 80 टक्के, म्हणजे 30 लाख 40 हजार. वरचे 13 लाख 60 हजार आणि रजिस्ट्री स्वतःची. इमारत बावीस वर्षांची म्हणून मुदत वीसऐवजी पंधरा वर्षं, हप्ता जवळजवळ तीस हजार. त्यात विक्रेत्याला काही रक्कम रोखीत हवी होती. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याप्रमाणे चालत नाही, घेतलेल्या रकमेएवढा दंड आहे. आणि रोखीत दिलेल्या पैशावर कर्जही मिळत नाही. आईचे गुडघे आणि तीन जिने हा मुद्दा तर वेगळाच. तो फ्लॅट सुटला.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. बँकेचे नियम वाईट हेतूने केलेले नाहीत. जुनी इमारत तारण म्हणून कमी भरवशाची, हे तर्काला धरून आहे. पण परिणाम असा होतो की शहराच्या मधे, जिथे रस्ता, पाणी, शाळा, बस सगळं आधीच आहे, तिथे घर घ्यायला जास्त रोख लागते आणि मुदत कमी मिळते. बायपासपलीकडे, जिथे काहीच नाही, तिथे कमी रोख आणि जास्त मुदत. पगारदार माणूस मग आपोआप बाहेर ढकलला जातो आणि रोज सकाळी त्याच रस्त्याने आत येतो. जाम सोडवायला पूल बांधतो आपण, पण हा माणूस रस्त्यावर आला कशाने, तिकडे बघत नाही.

शेवटी काय घेतलं

तीन महिन्यांनी त्याच भागात तळमजल्याचा एक फ्लॅट निघाला. कार्पेट 540 चौरस फूट, दोन लहान खोल्या, बैठक, स्वयंपाकघर. मागणी 36 लाख. मालक निवृत्त, मुलाकडे बंगळुरूला निघालेले, पूर्ण चेकने व्यवहार करायला तयार.

इथे प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 आड आली, आणि नंतर कामालाही. 1 सप्टेंबर 2024 नंतरच्या कर्जांना या योजनेत व्याज अनुदान आहे: वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के, मिळून 1 लाख 80 हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. यांचं उत्पन्न बसत होतं. घराची किंमत एका लाखाने बसत नव्हती. एजंटने लगेच सुचवलं, कागदावर 34 दाखवा, वरचे हातात द्या. धाकट्याने विचारलं, "असं केलं तर काय होईल?" मी म्हटलं, अनुदान मिळेल आणि आयुष्यभर त्या फाइलची भीती राहील. त्याने मालकांना जाऊन खरं कारण सांगितलं, योजनेचा कागद दाखवला. मालक म्हणाले, "मला या महिन्यात निघायचंय." पावणेपस्तीस लाखांना सौदा झाला, सगळा बँकेतून.

दुसरी अट जास्त नाजूक होती. अर्जदार कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. वडील मृत्युपत्र न करता गेले होते, त्यामुळे रामबागेच्या घरात आई, दोन्ही भाऊ आणि पुण्याची बहीण, चौघांचा हिस्सा. तोंडी वाटणी घरात चालते, योजनेत चालत नाही. म्हणून आधी धाकट्याचं, बहिणीचं आणि आईचं हक्कसोड पत्र थोरल्याच्या नावे नोंदवलं, 15 लाख खात्यावर घेतले आणि मग नव्या घराचा करार केला. बहीण त्यासाठी पुण्याहून आली, एक पैसा मागितला नाही. हा क्रम उलटा झाला असता तर अर्ज तिथेच अडला असता. जुन्या इंदुरात, रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर भागात अशी न वाटलेली घरं खूप आहेत. ज्यांना पुढे कधी घर घ्यायचं आहे त्यांनी हे काम आजच करून ठेवावं.

25 लाख कर्ज, पंधरा वर्षं, हप्ता 24,620. स्वतःचे 9 लाख 75 हजार आणि रजिस्ट्रीचे 3 लाख 65 हजार. दीड लाखाच्या आसपास उरले, त्यात नळ आणि वायरिंग बदललं. प्रवासाचे 2,600 आणि सोसायटीचे 600 धरून महिन्याला 27,820. बिचोलीला हप्ता, प्रवास आणि अडीच हजार मेंटेनन्स मिळून 40,470 झाले असते. साडेबारा हजारांचा फरक, आणि कर्ज पाच वर्षं आधी फिटणार.

किंमत मोजली नाही असं नाही. नात आणि आजी एका खोलीत आहेत, अभ्यासाचं टेबल बैठकीत आलं, पाहुणे आले की मुलगी पुस्तकं उचलून स्वयंपाकघरात जाते. बाल्कनी नाही. पार्किंगवरून सोसायटीत कुरबुरी आहेत. धाकटा अजून म्हणतो की मुलीला स्वतःची खोली द्यायला हवी होती, आणि त्याच्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. 65 हजार कमावणाऱ्या घराला इंदुरात मुलीची खोली आणि नोकरीजवळचं घर यांतलं एकच घेता यावं, हे मला मान्य होत नाही. परवडणाऱ्या घरांच्या योजना शहराच्या कडेला जागा शोधतात तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. राजेंद्र नगर, सुदामा नगर, तिलक नगरसारख्या वस्त्यांत चाळीस वर्षांच्या इमारती आहेत. तिथे पुनर्बांधणीला वाढीव मजले द्यायचे असतील तर त्यातले काही छोटे फ्लॅट ठरलेल्या किमतीत याच लोकांसाठी राखावेत, अशी अट घालता येते.

अनुदानाचा अर्ज हक्कसोड पत्राच्या प्रतीसह गेला आहे. उत्तर यायचं आहे. कारखान्याची बस पावणेसातला कोपऱ्यावर येते आणि धाकटा साडेसहाला घरातून निघतो.